माज, मुरूम आणि 'सडेतोड' यांची प्रतिक्रिया

'सडेतोड' यांस,

(श्री. की श्रीमती हे टोपणनावावरून कळत नाही, म्हणून नुसतंच.)

इटलीत, टस्कनीतल्या कियांती या द्राक्षबागांच्या भागात मी सायकलवरून फिरलो, त्यावरच्या माझ्या ब्लॉगलेखाच्या, 'कियांतीचे पांढरे रस्ते'च्या, दुसऱ्या भागाखाली तुमची प्रतिक्रिया पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पडली. तिथंच चार ओळी लिहून विषय संपवणार होतो. पण दोन दिवस जेवताना माझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून मोकळा हो." म्हणून हे.

ज्यांच्या वाचनात ती आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखात एक साल चुकलंय, फोटो सगळे एकाच छापाचे आहेत, तीन लाखांची सायकल मिरवली आहे, वाइनचा इतिहास रटाळ आहे, आणि द्राक्षबागा नि कच्चे रस्ते दिंडोरीला असताना इटली कशाला, हे तुमचे आक्षेप. शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: "ज्यांच्या गावाला डांबर नाही ते खडीवरून सायकल ढकलतात, आणि ज्यांच्या दारात डांबर आहे ते विमानानं खडी शोधायला जातात, याला हौस नाही, माज म्हणतात."

आधी सालाचं. तुमचं बरोबर आहे, माझं चूक. 'स्त्रादे बियांके' (म्हणजे पांढरे रस्ते) ही व्यावसायिकांची सायकल शर्यत १९९७ ला सुरू झाली असं मी लिहिलं होतं. १९९७ हे 'लेरोइका'चं साल. ती हौशी लोकांची, जुन्या सायकलींची फेरी. व्यावसायिकांची शर्यत त्यातूनच निघाली, पण दहा वर्षांनी, २००७ ला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत, पुढचं वाचताना तसं वाटलं नाही तरी.

आता माज.

'चैन' म्हणाला असतात तर मी हसून सोडून दिलं असतं. 'थेरं' म्हणाला असतात तरी चाललं असतं, आमच्या सासूबाई तेच म्हणतात. माज मात्र आमच्याकडे म्हशीला येतो. तो शब्द माणसाला लावायचा तर त्या माणसाची थोडी तरी चौकशी करावी, एवढीच अपेक्षा.

मी तासगाव तालुक्यातला. शाळा सहा किलोमीटरवर. आबांच्या बावीस इंची सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकलो, सीटवर बसून पाय पुरायला आठवी उजाडली. रस्त्याचं खडीकरण निघालं तेव्हा ठेकेदारानं काळी खडी पसरली आणि तो गेला तो दोन पावसाळे फिरकलाच नाही. रोलरही नाही, डांबरही नाही. त्या मोकळ्या खडीवरून, कॅरिअरला द्राक्षाची पेटी बांधून, मी पडलोय. माझ्या डाव्या गुडघ्यात कातडीखाली त्या खडीचा एक काळा कण आजही आहे, बोट फिरवलं की लागतो. हवा असेल तर फोटो टाकतो. तो एकतरी बाकीच्या फोटोंच्या छापाचा नसेल.

तेव्हा खडी म्हणजे काय हे मला कुणी पहाटे उठून शिकवू नये.

दुसरं, कियांतीतला तो रस्ता खडीचा नाहीच. आपल्याकडच्या जवळातल्या जवळच्या शब्दात सांगायचं तर मुरमाचा म्हणता येईल, फक्त पांढरा. फिकट चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला असतो. कोरड्यात त्याचा धुरळा उडतो, घामावर बसतो आणि संध्याकाळी पोटऱ्यांना भस्म लावल्यासारखं दिसतं. पावसात त्याचाच गिलावा होतो आणि ब्रेकमध्ये जाऊन बसतो. उतारावर वाहनांनी आडव्या वळ्या पाडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. पियानेल्लाच्या अलीकडे अशा एका उतारावर माझ्या बोटांना इतक्या मुंग्या आल्या की खाली पोचल्यावर हॅण्डलवरून हात सोडवायला वेळ लागला. चाळीस मिलीमीटरचे टायर होते, हवा कमी ठेवली होती, तरी. ब्रोलिओच्या किल्ल्याखालच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं. उभं राहून पायडल मारावं तर चाक निसटतं, बसून मारावं तर मांड्या भरून येतात. आशानोच्या पुढे मोन्ते सान्ते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा पट्टा आहे. त्या पट्ट्याला आता फाबियान कान्सेलारा या स्विस सायकलपटूचं नाव दिलंय, कारण त्यानं 'स्त्रादे बियांके' तीनदा जिंकली. तिथल्या दोन चढांना मी उतरून सायकल ढकलली. हो, ढकलली. तुमचं वाक्य तेव्हा लिहिलेलं नव्हतं, नाहीतर आठवलं असतं.

तिसरं, आणि हे तुम्ही लेखात वाचलं असतंत तर पुढचं सगळं टळलं असतं. ते रस्ते कच्चे राहिले ते पर्यटकांच्या फोटोंसाठी नव्हे. तिथली शेती पिढ्यान् पिढ्या 'मेझ्झाद्रिया'नं, म्हणजे आपल्या अर्धेलीनं चालायची. जमीन मालकाची, राबणार कुळाचं घरदार, पीक निम्मं निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं ती घरं सोडून कारखान्यांच्या शहरांत गेली, आणि १९६४ ला तर असे नवे करार करायलाच कायद्यानं बंदी आली. टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. जिथं राहायला माणूस उरला नाही, तिथं डांबर कुणासाठी घालणार? पुढं ती घरं परदेशी लोकांनी घेतली, वाइनला भाव आला, पैसा आला आणि पैशाबरोबर डांबरही यायला लागलं. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची या तिथल्याच माणसानं गायोले गावातून लेरोइका सुरू केली, उरलेले पांढरे रस्ते वाचावेत म्हणून. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आजही तिथं सायकल १९८७ ची किंवा त्याआधीची लागते, गिअरच्या कांड्या खालच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हॅण्डलबाहेरून. म्हणजे आबांची सायकल चालेल. तुमची-माझी नाही.

हा माज असेल तर तो गायोलेकरांचा, आणि त्यांनी तो हक्कानं केलाय.

एक प्रसंग लेखात जागेअभावी गाळला होता. मोन्ते सान्ते मारिएच्या दुसऱ्या चढावर मी सायकल धरून उभा होतो, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. आपे! आपली तीनचाकी, मागं उघडा हौदा, त्यात औषध फवारायचा पंप. ही गाडी बारामतीत बनते म्हणून आपल्याला घरची वाटते, पण तिचं माहेर पोन्तेदेरा, टस्कनीतच. चालवणारे आजोबा सत्तरीपुढचे. थांबले, माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, हौद्याकडे बोट केलं. मी मानेनं नको म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि गेले. पुढची दहा मिनिटं मी त्यांचा धुरळा खाल्ला. त्या आजोबांना मी माजोरडा वाटलो असेन का? वेडा नक्की वाटलो असेन. वेडा चालेल.

राहिलेलं भराभर. सायकल तीन लाखांची असेल, माझी नाही. भाड्यानं घेतली होती, तीन दिवसांसाठी. विमानाचं तिकीट कंपनीनं काढलं होतं, मिलानला ऑफिसचं काम होतं, त्याला जोडून रजा टाकली. दिंडोरीला गेलोय, चार वेळा. तेही लेख ब्लॉगवर आहेत आणि त्यांखाली तुमची एकही प्रतिक्रिया नाही. फोटो एकसारखे, कारण सरूची झाडं एकसारखीच असतात. वाइनचा इतिहास रटाळ वाटला, बरं. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं कियांतीच्या वाइनची हद्द आखून दिली, हे मला अजूनही थोर वाटतं. आपल्याकडे बांधावरून आजही कोर्टात जातात.

पण कोंबड्याची गोष्ट तरी वाचायला हवी होती. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांचं हद्दीवरून भांडण. ठरलं असं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल, जिथं भेटतील तिथं सीमा. सिएनाकरांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून माजवला, तो झोपून राहिला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो उजाडायच्या कितीतरी आधी आरवला आणि बहुतेक सगळं कियांती त्यांना मिळालं. दंतकथाच आहे. पाच वाजून दहा मिनिटांची प्रतिक्रिया बघून मला का आठवली, ते सांगत बसत नाही.

(बायकोनं हा परिच्छेद काढायला सांगितला होता. ठेवलाय.)

आणि आबांचं. गावचा रस्ता शेवटी डांबरी झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो. नारळ फोडायला पुढारी आले होते, पण पहिली सायकल त्यावरून मी नेली, हात सोडून, पार शाळेपर्यंत. डांबराला माझा विरोध आहे असं तुम्हाला कुठं दिसलं?

इटलीहून आल्यावर आबांना मोबाइलवर फोटो दाखवले. ब्रोलिओचा चढ, दोन्हीकडे सरू, मध्ये पांढरा रस्ता. आबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आजून डांबर न्हाई व्हय रं तिकडं?"

मी म्हटलं, "मुद्दाम ठेवलंय तसं."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि बागेला पाणी कधी सुटणार ते बोलायला लागले.

सांगायचा मुद्दा, तुमचा प्रश्न आमच्या घरात तुमच्याआधी विचारून झालाय. शिवी न देता.

तिसरा भाग शुक्रवारी टाकतोय, मोन्तालचिनोहून परत गायोले. सालं दोनदा तपासली आहेत.