ब्युरेटमध्ये उरलेल्या द्रावणाचे काय करायचे?

गेली 22 वर्षे मी सोलापुरात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेत आहे. प्रयोग संपला की ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडण्याची तोटीची काचनळी, बेसिनमध्ये रिकामी होताना मी हजारो वेळा पाहिली आहे आणि बराच काळ मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आधी कबूल करतो.

पोटॅशियम डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराचे अनुमापन (टायट्रेशन) घ्या. फेरस (लोहाच्या) क्षाराशी अभिक्रिया झालेले क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे Cr(III) रूपात येते आणि त्याची विषारीता पुष्कळ कमी होते. पण ब्युरेटमध्ये उरलेले नारिंगी द्रावण षट्संयुजी क्रोमियमचे, Cr(VI) चे, म्हणजे कर्करोगकारक असते. 0.1 नॉर्मल द्रावणाच्या 10 मिलिलिटरमध्ये सुमारे 17 मिलिग्रॅम क्रोमियम असते आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम चालत नाही. म्हणजे एकट्या विद्यार्थ्याने ओतलेले द्रावण त्या मर्यादेत आणायला जवळजवळ 340 लिटर पाणी लागेल. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि तेही उजनीहून आणावे लागते, तिथे ‘भरपूर पाणी सोडा, वाहून जाईल’ असे सांगणे मला आता पटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही सगळा कचरा एकाच कॅनमध्ये साठवू लागलो. हेतू चांगला होता, पद्धत घातक होती. गुणात्मक विश्लेषणातले सल्फाइडचे द्रावण त्यात असताना कुणीतरी वरून उरलेले आम्ल ओतले आणि सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. कॅन उचलायला वाकलेले आमच्या लॅबमधले मामा चक्कर येऊन भिंतीला टेकले. खिडकीपाशी बसल्यावर त्यांना बरे वाटले. पण सल्फाइडवर आम्ल पडून निघालेल्या या विषारी हायड्रोजन सल्फाइडचा वास येईनासा झाला तरी वायू गेलेला नसतो, नाक बधिर झालेले असते, हे त्यांना कुणीच सांगितले नव्हते. मीही नाही.

आता आम्ही जड धातू, क्लोरीनयुक्त द्रावक, इतर द्रावक आणि सल्फाइड वेगवेगळे ठेवतो. धातू नसलेली आम्ले धुण्याच्या सोड्याने थोडी थोडी करून उदासीन करतो. क्रोमियमच्या आम्लयुक्त द्रावणात नारिंगी रंग जाऊन हिरवा येईपर्यंत फेरस सल्फेट घालतो, मग चुन्याने सामू (pH) 8-9 वर नेला की साका तळाशी बसतो. तो गाळून, लेबल लावून बरणीत ठेवतो. मुलांनी हे स्वतः करावे, जर्नलमध्ये लिहावे आणि परीक्षेत त्याला गुण असावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण गुण नसलेली पायरी कुणी करत नाही.

अडचण त्या बरणीची आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांहून अधिक साठवता येत नाही, तो अधिकृत प्रकल्पाकडे द्यावा लागतो. आणि एका कॉलेजच्या दोन-तीन किलोंसाठी गाडी बोलावणे परवडत नाही. शहरातल्या कॉलेजांसाठी विद्यापीठाने वर्षातून चार वेळा एकत्रित संकलन करावे, असा अर्ज मी लिहिला आहे. रसायनशास्त्राच्या ज्या सहकाऱ्यांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी मला कळवावे.