डांबर कधी टाकणार?

आमच्या बार्शीकडं लहानपणी रस्त्यावर खडी येऊन पडली की तिचं पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणजे काहीच होणार नाही. कंत्राटदार खडी टाकून गायब, डांबर येतंय येतंय म्हणेस्तोवर एक पावसाळा जायचा आणि तोवर निम्म्या गल्लीचे गुडघे फुटलेले असायचे. त्या खडीवरून सायकल घसरल्याची खूण माझ्या डाव्या कोपरावर अजून आहे. आणि आता बेचाळिसाव्या वर्षी मी स्पेनमध्ये पदरचे पैसे घालून खास खडीवर चालवायची सायकल घेतलीये. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे मराठीत खडीच, उगाच दुसरा काही भारी अर्थ शोधू नका.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितली.

"स्टँड कुठंय?"

"नाही येत याला."

"कॅरेज? मडगार्ड? चेनकव्हर?"

"नाही."

"घंटी?"

घंटी होती! पण ती मी वेगळी विकत घेऊन लावलेली, इथं कायद्यानं लागते म्हणून. किंमत निम्मी करून सांगितली होती तरी ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग दिलं काय त्यानं तुला एवढ्यात?" मी म्हणलं अण्णा हँडल बघा कसं मेंढ्याच्या शिंगासारखं वळवलंय, आणि टायर बघा, ४५ मिलिमीटर रुंद. तर म्हणाले आपल्या दूधवाल्याच्या सायकलचे पण जवळजवळ तेवढेच होते की, आणि वर ४० लिटर दूध यायचं.

हा नाद लावला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं. आम्ही राहतो वालेन्सियात, बऱ्यापैकी गजबजलेलं शहर, मार्चमध्ये तर फाय्यासचा सण असतो तेव्हा १ ते १९ तारखेपर्यंत रोज दुपारी दोनला भर चौकात नुसत्या आवाजासाठी फटाके लावतात, रोषणाई वगैरे काही नाही, फक्त आवाज. तर हा गडी म्हणाला तेरुएलला जा, गाडीनं दीड-दोन तास, कच्चे रस्ते, पाइनची जंगलं, आणि मुख्य म्हणजे तिथं कुणी नसतं. कुणी म्हणजे कुणीच. जेवणात गुलाबजाम आहेत म्हणून सांगावं तशा चेहऱ्यानं सांगत होता. मी पण भुललो. गर्दीत वाढलेल्या माणसाला 'कुणी नसतं' ऐकलं की डोळ्यापुढं शांतता येते, पंक्चर येत नाही.

आता हे 'कुणी नसतं' म्हणजे किती ते सांगतो, कारण मी पण आधी त्याला बोलायची पद्धतच समजलो होतो. तेरुएल प्रांताचं क्षेत्रफळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढं, जवळजवळ तंतोतंत, दोन्ही १४ हजार ८०० चौरस किलोमीटरच्या आसपास. सोलापूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ४३ लाख माणसं भरली. तेरुएलमध्ये सगळी मिळून सव्वा लाखाच्या थोडी वर. म्हणजे अख्खा जिल्हा रिकामा केला, त्यात फक्त बार्शी शहर आणून सोडलं आणि सांगितलं की आता पसरा. रेल्वे धड नाही, रस्ते धड नाहीत, आमच्याकडं कुणी बघतच नाही म्हणून १९९९ मध्ये तिथल्या लोकांनी चळवळ काढली, तिचं नावच 'तेरुएल एक्सिस्ते', म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे. २०१९ ला त्यांचा एक खासदार पण निवडून गेला माद्रिदला. ज्या मुलखाला 'अहो आम्ही आहोत' एवढंच सांगायला माणूस संसदेत पाठवावा लागतो तिथं मी दोन बाटल्या पाणी आणि तीन चिक्क्या घेऊन निघालो.

त्यात दिवस निवडला सोमवार. मुद्दाम रजा टाकून. म्हणलं रविवारी गर्दी असेल.

कपड्यांबद्दल फार बोलत नाही. बुडाला गादी शिवलेली आणि खांद्यावरून पट्टे असलेली ती चड्डी घालून मी हॉलमध्ये आलो तेव्हा बायको फक्त म्हणाली, "जिन्यानं जा, लिफ्टमध्ये कुणी भेटेल."

बेत असा की गाडी तेरुएलला लावायची, तिथनं खेआवरून आल्बार्रासीन, मग रोदेनोच्या लाल दगडाच्या जंगलातून बेसासवरून परत तेरुएल. ऐंशी-नव्वद किलोमीटर, जास्तीत जास्त खडी. कायदा इथं असा आहे की मोटारवाल्यानं सायकलला ओलांडताना दीड मीटर जागा सोडायची. मला पहिली मोटार भेटली तासाभरानं, ती समोरून आली, जागा सोडायचा प्रश्नच नव्हता, पण माणसानं स्टिअरिंगवरचा हात उचलून रामराम केला. मी इतका खूश झालो की दोन्ही हात सोडून केला आणि बांधावर गेलो.

बांधावरच ते झालं. पुढच्या टायरमधून फुस्स. उतरून बघतो तर सराटा. हो, तोच. अनवाणी पायात रुतणारा, आईनं सुईनं काढलेला, तोच आपला सराटा. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत सगळीकडं उगवतो म्हणे, स्पॅनिशमध्ये आब्रोखो म्हणतात. खरं सांगू, पहिल्यांदा बरंच वाटलं. एवढ्या लांब येऊन ओळखीचं कुणी भेटलं की वाटतं तसं. मग टायर बसला आणि ते वाटणं पण बसलं. या टायरला ट्यूब नसते, आत दुधासारखं पांढरं द्रव्य असतं, भोक पडलं की ते बाहेर येऊन भोक आपोआप बुजवतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दर काही महिन्यांनी नवीन घालावं लागतं हे पण सांगितलं असणार, पण ते मी ऐकलं नाही. उघडून बघितलं तर आत दुधाचा खरवस झालेला. जवळच्या दोन ट्यूबांपैकी एक घातली. पंप हातातला, बोटाएवढा. तीनशे वेळा मारल्यावर टायर जरा फुगला आणि मी पूर्ण बसलो.

पुढं खेआ आणि आल्बार्रासीनच्या मधे रोमन लोकांनी पहिल्या शतकात खोदलेला पाण्याचा पाट आहे, आल्बार्रासीनपासून सेयापर्यंत २५ किलोमीटर, त्यातला बराचसा डोंगराच्या पोटातून बोगदा करून नेलेला, आत वाकून जाता येतं. फार थोर काम. मी अर्धा तास बघितलं आणि बघता बघता एक बाटली संपवली. त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी २५ किलोमीटर पाणी पोचवलं, मला माझं स्वतःचं ३० किलोमीटर पुरवता येईना.

आल्बार्रासीनला सगळं होतं. गेरूच्या रंगाच्या भिंती, एकमेकांवर कलंडलेली घरं, कॉफी, नळ, टुरिस्टांची बस. आणि मी तिथं थांबलो नाही! बस बघून नाक मुरडलं, म्हणलं आपल्याला शांतता पाहिजे, पुढच्या गावात निवांत कॉफी घेऊ. मोठेपणा कुठं करावा याला पण अक्कल लागते.

जंगल मात्र सुंदर, लाल खडक, त्यावर पाइन, वाऱ्याचा आवाज सोडला तर काही नाही. फक्त लाल खडक झिजला की त्याची लाल वाळू होते आणि ती सगळी ॲपनं दाखवलेल्या वाटेवर येऊन बसते. ॲपवर ती वाट छान निळी रेघ होती. वाळूत ग्रॅव्हल बाइक कशी चालवतात? खांद्यावर घेऊन. दोन किलोमीटर मी त्या सायकलची पालखी केली. वाटेत एक फोटो काढून अण्णांना टाकला, रेंज नव्हती, ते गोल गोल फिरत बसलं.

जंगल संपून मोकळं माळरान लागलं तिथं मेंढ्या. इथं मेंढ्यांचे हक्काचे रस्ते आहेत, कान्यादा म्हणतात, दहाव्या अल्फोन्सो राजानं १२७३ मध्ये मेंढपाळांच्या संघाला सनद दिली तेव्हापासूनचा मान. मोठ्या कान्यादाची रुंदी ९० 'वारा' (हे जुनं स्पॅनिश माप), म्हणजे ७५ मीटर, आणि १९९५ च्या कायद्यात पण ७५ मीटरच धरलीये. आमचे धनगर पाऊस सरला की कोकणात उतरतात तसे इथले काही जण अजून नोव्हेंबरात कळप घेऊन पायी आंदालुसियापर्यंत जातात. मला हे सगळं वाचून माहीत होतं आणि मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात त्यातली एक मेंढी उठून उभी राहिली आणि ती मेंढी नव्हती. मास्तीन. लांडग्यांपासून कळप राखायला पाळलेला कुत्रा, वासराएवढा. तो धावत नाही हो, चालत येतो, त्याला घाईच नसते. ७५ मीटर रुंद रस्ता आणि आम्हा दोघांना पुरेना.

अशा वेळी पळायचं नाही, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि शांत आवाजात बोलायचं, असं ऐकलं होतं. शांत आवाजात काय बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे वा वा, राजा रे, कुणाचं बाळ तू, शहाणं बाळ, जेवलास का?" कुत्र्यानं मान तिरकी केली. लांबून मेंढपाळानं मोबाइलमधलं डोकं न काढता एक शीळ मारली आणि राजा परत गेला. तो जाईपर्यंत मी त्याला सासऱ्यांची सुद्धा चौकशी विचारून झाली होती. याच गडबडीत सायकल ज्या झुडपावर टेकवली होती त्यानं मागचं टायर घेतलं. दुसरी ट्यूब. चिक्की संपली. पाणी दोन घोट.

मग गाव आलं. दुपारचा एक वाजलेला. तीस-पस्तीस घरं, सगळ्या खिडक्या बंद, चौकात एक बार आणि बारच्या दारावर पाटी, सोमवारी विश्रांती. शेजारी दगडी कारंजं, पाण्याची धार कशी मस्त पडतीये, आणि वर लिहिलेलं, पाणी प्रक्रिया केलेलं नाही. मी पाटीकडं बघितलं, धारेकडं बघितलं. लहानपणी चांदणी नदीचं प्यायलो होतो हे आठवलं, मग माझं आत्ताचं पोट आठवलं. विचारायला एक माणूस दिसेना. बार्शीत सायकल उभी करून नुसतं टायरकडं बघितलं असतं तर चार जण जमले असते, पैकी दोघांनी टायर हातात घेतलं असतं आणि एकानं अण्णांना फोन लावला असता. इथं एक मांजर होतं, ते पण उठून गेलं.

आणि तेवढ्यात हॉर्न. कर्कश, लांबलचक, एस्टीवाला घाटात मारतो तसा. पांढरी व्हॅन चौकात आली, पाववाल्याची. आणि ज्या गावात अर्धा तास मला कुणी दिसलं नव्हतं त्यातनं खटाखट दारं उघडून आठ-नऊ आज्या आल्या, कुणी गाऊनमध्ये, कुणी एप्रनमध्ये, सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या. मी पण लाइनीत उभा राहिलो. सगळ्यांनी मला डोक्यापासून गादीपर्यंत बघितलं. एकीनं विचारलं, "लेकरा, कुठनं येतोयस?"

आता हा प्रश्न मला इथं आठवड्यातनं चार वेळा विचारतात आणि उत्तर पाठ आहे. म्हणलं, इंडियातनं.

आजीनं सायकलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. छातीवर क्रूस काढला. मग वळून बाकीच्यांना सांगितलं आणि मला कळेस्तोवर ते झालेलं होतं. माझं स्पॅनिश मीटिंगपुरतं, 'आज सकाळी तेरुएलहून' एवढं म्हणायला जमलं असतं, पण तोवर एक आजी आत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आली होती, दुसरीनं पीच आणले होते, तिसरी पावाचे पैसे देऊन मोकळी झाली होती आणि चौथी माझा दंड दाबून बघत होती. आणि कारंज्याचं पाणी? त्या सगळ्या तेच पितात म्हणे, पाटी बाहेरच्यांसाठी आहे. पाववाला काउंटरवर कोपर टेकून सगळं ऐकत होता.

हाच पाववाला पुढच्या गावी माझ्याआधी पोचला हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. तिथला बार उघडा होता. आत शिरलो तर चार म्हातारे पत्ते खाली ठेवून बघायला लागले आणि मालक म्हणाला, "हा बघा, इंडियावाला!" न मागता बटाट्याच्या तोर्तियाचा, म्हणजे जाडजूड ऑम्लेटचा, मोठा तुकडा आणि पाव आला. तेवढ्यात फोनला रेंज आली, फोटो गेला आणि अण्णांचं लगेच उत्तर: रस्ता रुंद आहे. डांबर कधी टाकणार?

मालक समोर हात पुसत उभा. "किती महिने लागले?"

मी तोर्तियाकडं बघितलं. म्हणलं, सहा.

"टायर किती वेळा गेलं?"

"दोनदा." हे खरं होतं, त्यामुळं जरा मोठ्यानं सांगितलं.

"आणि आता पुढं कुठं?"

"तेरुएल," म्हणलं. गाडी तिथंच लावलीय आणि पार्किंगचं मीटर चालू आहे हे काय त्याला सांगायचं.