‘वापरलेली बंदूक बॅगेतून बिनधास्त आणा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतून कायमचं परतायच्या तयारीत असलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या ‘शस्त्रधारकांसाठी आनंदाची बातमी’ फिरते आहे. त्यात म्हटलंय: तिकडे वर्षभर वापरलेली बंदूक सामानातून आणायला परवानगी लागत नाही. भीती वाटली तर ती सुटी करून वेगवेगळ्या बॅगांत टाका, सुटे भाग म्हणजे शस्त्र नव्हे. परदेशातला परवाना इथे चालतो आणि इथला ‘ऑल इंडिया’ परवाना परदेशात. एअरगनला, म्हणजे हवेच्या दाबाने छरे उडवणाऱ्या बंदुकीला, कागद लागत नाहीत. बॅगेत एखादं काडतूस राहिलं तर काही होत नाही. असे मेसेज मी वाचून सोडून देतो. हा सोडला नाही, कारण ह्यूस्टनच्या माझ्या मेहुण्याने तो मला पाठवून खाली विचारलं, “दाजी, मग माझं नाइन एमएम पिस्तूल आणू ना?”

नाही. अजिबात नाही.

वर्षभर वापरलेल्या बंदुकीचा नियम खरोखर आहे, एवढं मान्य करावं लागतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला सोयीचा तुकडा तोडून घेतला आणि बाकीचा टाकून दिला. भारतीय सीमाशुल्क विभागाची प्रवाशांसाठी मार्गदर्शिका आहे. त्यात सुरुवातच अशी, की सामानातून बंदूक आणायला सक्त मनाई आहे आणि पन्नासापेक्षा जास्त काडतुसं आणायलाही. अपवाद फक्त निवास हलवून किमान एक वर्षासाठी भारतात येणाऱ्यांना, तोही एकाच बंदुकीचा. ती परदेशात किमान वर्षभर स्वतःकडे आणि वापरात असली पाहिजे. तिच्यावर शुल्क भरावं लागतं. ती आयुष्यभर विकता येत नाही, कुणाला उसनीही देता येत नाही. आणि इथल्या अधिकाऱ्यांनी दिलेला वैध शस्त्र परवाना तुमच्याकडे हवा. म्हणजे पुण्यात राहणार असाल तर पोलीस आयुक्तांकडे, गावी राहणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हे सगळं आधी. ‘परवानगी लागत नाही’ हे यातल्या कुठल्या ओळीत दिसलं?

शिवाय बंदूक अनुज्ञेय बोअरची हवी, म्हणजे तिच्या नळीच्या छिद्राचं माप सामान्य नागरिकाला परवानगी असलेलं हवं. अमेरिकेत घरोघरी दिसणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल भारतात सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. इथे लोक बत्तीस बोअरचं पिस्तूल बाळगतात ते याच कारणाने. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(१ए)खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षांचा कारावास आहे. ज्याने हा मेसेज पुढे ढकलला त्याला हे माहीत नसेल, पण विमानतळावर पकडला जाणार तो माझा मेहुणा.

सुट्या भागांचा सल्ला तर संतापजनक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम २ उघडा. अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. नळी एका बॅगेत, स्लाइड दुसऱ्या बॅगेत आणि फ्रेम बायकोच्या बॅगेत टाकली तर कायद्याच्या नजरेत ती बंदूकच राहते, फक्त आता बायकोलाही उत्तरं द्यावी लागतात. वर हे लपवण्याच्या इराद्याने केलं हे तुम्ही स्वतःच दाखवून दिलेलं असतं. स्क्रीनिंगच्या यंत्रात नळीचा आकार लपत नाही. विसरलो, माहीत नव्हतं, असं सांगायची जी थोडीफार जागा असते तीही हा सल्ला बंद करतो.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. ‘ऑल इंडिया’ म्हणजे भारतभर, भारताबाहेर नाही. ब्रिटनला शिकारीसाठी बंदूक न्यायची तर तिथल्या यजमानाने तिथल्या पोलिसांकडे पाहुण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. पिस्तुलांवर तर १९९७ च्या कायद्यांपासून जवळपास बंदीच आहे. उलट दिशेनेही तेच: टेक्सासचा कागद इथे परवाना ठरत नाही.

एअरगनबद्दलही अर्धंच खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरची आणि छरा वीस ज्यूलच्या आतल्या ऊर्जेने सोडणारी एअरगन परवान्यातून सुटते. त्यापेक्षा मोठी किंवा जास्त ताकदीची असेल तर परवाना लागतो.

राहिलं एकटं काडतूस. विसरून राहिलेल्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केलेत, कारण जाणीवपूर्वक ताबा सिद्ध व्हावा लागतो. पण ते रद्द होईपर्यंत गुन्हा नोंदलेला असतो, विमान गेलेलं असतं, वकील लागलेला असतो. शिवाय हा दिलासा इथला. कॅरिबियनमधल्या टर्क्स अँड कैकोस बेटांवर २०२४ मध्ये काही अमेरिकी पर्यटक बॅगेत राहिलेल्या काडतुसांमुळे अडकले. तेव्हा तिथे किमान शिक्षा बारा वर्षांची होती. बारा वर्षांचा तुरुंगवास टळला, पण काहींना घरी परतायला महिने गेले. म्हणून शूटिंग रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेऊच नका. घ्यावीच लागली तर ती पूर्ण उलटी करून झटका, अस्तराच्या आत हात घालून बघा आणि बाजूचे छोटे कप्पे तपासा. काडतुसं तिथेच अडकून राहतात.