नेविगेसचं चर्च म्हणे ‘स्वस्तातला बंकर’!

एक जोडफोटो सध्या फिरतोय. डावीकडे कोलोनचं कॅथेड्रल, उजवीकडे करड्या काँक्रीटचा, वेड्यावाकड्या घड्यांचा डोंगर. खाली मजकूर: ‘पूर्वी माणसं देवासाठी बांधायची. युद्धानंतर जर्मनीकडे पैसा नव्हता, परंपरा न मानणाऱ्या आर्किटेक्टांनी चर्चच्या नावाखाली बंकर उभारले. म्हणूनच तिथली चर्चं ओस पडली.’

उजवीकडची इमारत म्हणजे वुपरटालजवळच्या नेविगेस गावातलं मारियाचं (येशूच्या आईचं) तीर्थ-चर्च. १९६८ साली त्याचं अभिषेकपूर्वक उद्घाटन झालं. आर्किटेक्ट गॉटफ्रीड ब्योम (१९२०–२०२१). डोळ्यांना ते रुचलं नाही तर माझं काही म्हणणं नाही. पण मजकुरातली विधानं तपासून बघितली की एकेक गळत जातं.

आधी पैशाचं. पैसा नव्हता तो १९४५ नंतरच्या पाच-सहा वर्षांत, आणि तेव्हाची गरिबीतली चर्चं कशी होती हेही ठाऊक आहे. प्रोटेस्टंट आर्किटेक्ट ओटो बार्टनिंग यांनी देशभर चाळीसहून अधिक ‘आपत्कालीन’ चर्चं उभारली. लाकडी सांगाडा कारखान्यातून तयार यायचा, भिंती गावकऱ्यांनी पडक्या घरांच्या दगडविटांतून रचायच्या. खुद्द ब्योमचं पहिलं स्वतंत्र कामही त्याच काळातलं. बॉम्बहल्ल्यात कोलोनचं सेंट कोलुम्बा चर्च कोसळलं, पण एका खांबावरची मारियाची जुनी मूर्ती बचावली. ब्योमने त्या मूर्तीभोवती छोटं अष्टकोनी चॅपल बांधलं, ते १९५० साली पुरं झालं. नेविगेसची स्पर्धा मात्र १९६३ची. तोवर जर्मन अर्थव्यवस्था भरभराटीला आली होती आणि चर्च-करातून (चर्चच्या सदस्यांकडून आयकरासोबत वसूल होणारा कर) धर्मप्रांतांच्या तिजोऱ्याही भरत होत्या. शिवाय ज्याने कधी शटरिंगच्या फळ्यांचं बिल चुकवलंय त्याला विचारा: एकाही घडीचा कोन शेजारच्या घडीशी जुळत नाही असं छत ओतणं स्वस्त पडतं का? काटकसर करायची असती तर सरळ सपाट स्लॅब होता की.

दुसरं, परंपरा न मानणारा आर्किटेक्ट. इथे तर मजकूर लिहिणाऱ्याने नेमका चुकीचा माणूस निवडलाय. ब्योम हे बांधणाऱ्यांचं घराणंच. आजोबा बांधकाम व्यावसायिक, वडील डोमिनिकुस ब्योम विसाव्या शतकातले नावाजलेले कॅथलिक चर्च-आर्किटेक्ट. कोलोनच्या रील भागातलं त्यांचं सेंट एंगेलबर्ट चर्च १९३२चं, पॅराबोलाच्या आकाराच्या कवचांचं. म्हणजे धाडसी आकारांची, काँक्रीटची चर्चं युद्धाने आणली नाहीत, ती हिटलर सत्तेवर येण्याआधीच उभी होती. गॉटफ्रीडने म्युनिकमध्ये आर्किटेक्चर शिकता शिकता शिल्पकलाही शिकून घेतली, १९४७ पासून वडिलांच्या ऑफिसात काम केलं, आणि १९५५ साली वडील गेल्यावर ते ऑफिस चालवलं. चारपैकी तीन मुलं आर्किटेक्ट झाली. त्यातल्या पाउलने कोलोनची मध्यवर्ती मशीद बांधली. पत्नी एलिझाबेथही आर्किटेक्ट. १९८६ साली गॉटफ्रीडला आर्किटेक्चरमधला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, जर्मनीतला पहिला. (हाच पुरस्कार २०१८ साली पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना मिळाला.) जुनं पाडायची हौस म्हणावी, तर बेन्सबर्गची नगरपालिका त्याने जुन्या किल्ल्याच्या उरलेल्या भिंती आणि बुरूज राखून, त्यांच्यात गुंफून बांधली.

‘बंकर’ या शब्दाचं उत्तर फोटोत मिळायचं नाही, त्यासाठी चालावं लागतं. नेविगेसला यात्रा भरते ती १६८१ पासून, आणि तीही मारियाच्या एका चिमुकल्या छापील चित्रासाठी. यात्रेकरू चालत येतात हे धरूनच ब्योमने आखणी केली. पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता चढत जातो, एका कडेला यात्रेकरूंच्या निवासाची गोलसर दालनं, आणि रस्ता थेट दारातून आत शिरतो. बाहेरची फरसबंदी आतही तशीच पुढे जाते, आत रस्त्यावरचे असावेत तसे दिवे. आपण चर्चमध्ये आलो की गावच्या चौकात, असा प्रश्न पडतो. मग उजेड येतो लाल गुलाबाच्या काचखिडकीतून. गुलाब हे मारियाचं चिन्ह, आणि खिडक्यांची रेखाटनंही ब्योमचीच. बंकर माणसाला लपवायला बांधतात. इथे रस्ताच आत घेतलाय. कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्स तेव्हा जवळजवळ आंधळे झाले होते. त्यांनी मॉडेलवरून हात फिरवून हे डिझाइन पसंत केलं असं सांगतात.

आणि कोलोनचं कॅथेड्रल? १२४८ साली सुरू झालं, मध्येच तीनेकशे वर्षं रखडलं आणि १८८० साली पुरं झालं. फोटोतले ते उंच जोडमनोरे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले. जुन्याकडे पाठ फिरवली म्हणावं, तर कोलोनची बारा रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतली) चर्चं युद्धात उद्ध्वस्त झाली होती, ती चाळीस वर्षं खपून पुन्हा उभी केली.

शेवटचं, ओस पडण्याचं. २०२२ या एका वर्षात ५ लाखांहून अधिक जर्मन कॅथलिकांनी चर्च सोडलं. लैंगिक शोषणाची प्रकरणं दडपल्याचा संताप आणि चर्च-कर ही कारणं लोक उघडपणे सांगतात. चर्च सोडायचं तर तिथे कोर्टात जाऊन सदस्य-नोंदीतून नाव काढावं लागतं; काँक्रीटचा राग येऊन त्यासाठी कोण जातो? नेविगेसची यात्रा सांभाळणारे फ्रान्सिस्कन साधू २०२० साली गेले हे खरं, पण त्याच वर्षी फ्रान्समधला एक पाद्रीसंघ तिथे आला आणि यात्रा चालू आहे.

हां, एक तक्रार मजकुरात यायला हवी होती ती आलीच नाही: छत गळायचं. त्या घड्यांच्या काँक्रीटला चिरा गेल्या आणि पाणी आत यायचं. अलीकडच्या वर्षांत गॉटफ्रीडचाच मुलगा पीटर आणि आखेन विद्यापीठाचे तज्ज्ञ यांनी त्यावर कार्बन धाग्यांच्या जाळीचा पातळ काँक्रीट थर चढवला.