नियम व अटी लागू (आयोजक सोडून)

बक्षीस योजनेच्या जाहिरातीत ‘नियम व अटी लागू’ ही ओळ इतकी बारीक असते की पहिलं बक्षीस म्हणून भिंगच ठेवायला हवं. पण आयोजकांशी भांडायचं तर सगळा दारूगोळा त्याच ओळीमागे असतो. म्हणून भाग घेतानाच नियमांचं पान पीडीएफ करून ठेवावं, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. योजना चालू असताना नियम रातोरात कूस बदलतात आणि सकाळी आयोजक म्हणतात, “पहिल्यापासून असंच होतं!” प्रत ठेवली नसेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर पानाचा पत्ता टाकून बघा, जुनी प्रत कधीकधी सापडते.

तक्रारीआधी नियम पुन्हा वाचावेत. बराचसा संताप तिथेच विरघळतो. ‘रोज एक प्रवेशिका’ म्हणजे 24 तासांनी एक, की मध्यरात्र उलटली की दुसरी? आणि मध्यरात्र कुणाकडची? बहुधा आयोजकांकडची. मर्यादा माणशी, ईमेलमागे की घरटी? घरटी असेल तर सासू-सुनेपैकी एकीचीच प्रवेशिका चालते, आणि तो वाद सोडवणारी यंत्रणा अजून निघालेली नाही.

खरी मोडतोड ठरावीक असते. ‘भरघोस प्रतिसादामुळे’ मुदतवाढ (प्रतिसाद भरघोस असता तर वाढवली कशाला?). सोडत म्हणून जाहीर केलेलं बक्षीस सर्वाधिक लाइकवाल्याला. विजेत्यांची यादी गायब. बक्षिसात अदलाबदल. बदलाची मुभा नियमांत बहुतेकदा असते, पण ‘तितक्याच किंवा जास्त किमतीचं’ या अटीवर. फोनऐवजी फोनचं कव्हर त्यात बसत नाही.

आता तक्रारीचा ईमेल. योजनेचं नाव, प्रवेशिकेची तारीख, कलमाचा क्रमांक, त्यातलं वाक्य जसंच्या तसं, प्रत्यक्षात काय घडलं, आणि तुम्हाला काय हवंय. हे शेवटचंच लोक विसरतात. तीन परिच्छेद आगपाखड आणि मागणी शून्य. नियमांत योजना चालवणाऱ्या एजन्सीचा पत्ता असेल तर आधी तिथेच लिहा. ग्राहकसेवेकडून ‘आपलं समाधान हेच आमचं ध्येय’ येतं आणि विषय संपतो. उत्तरासाठी दहा दिवसांची मुदत द्या, मग प्रायोजक कंपनी, मग ग्राहक तक्रार यंत्रणा. योजना फेसबुकवर असेल आणि ‘टाइमलाइनवर शेअर केलं तरच प्रवेश’ अशी अट असेल, तर ती फेसबुकच्याच नियमांत बसत नाही; तिकडेही कळवा.

‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ या वाक्याला घाबरू नये. निर्णय अंतिम असेल, पण तो त्यांनीच लिहिलेल्या नियमांप्रमाणे घेतलाय का, हे विचारायला बंदी नाही.

‘बक्षीस सोडवायला आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असं आलं, तर मात्र कलमं शोधत बसू नका. तिथे मोडायला नियमच नसतात. पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार.