पावणेदहा केबीचा हिशेब

नमस्कार,

बीबीसी मायक्रो या 1980च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकावरच्या वर्डवाइज या लेखनाच्या प्रोग्रॅमचं मी लेखात कौतुक केलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: पडद्यावर ओळ एक आणि कागदावर दुसरीच, त्याला वर्ड प्रोसेसर कशाला म्हणायचं? त्याच संगणकावर व्ह्यूसारखा लेखनाचा प्रोग्रॅम असताना वर्डवाइजचे गोडवे गाणं म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. शिवाय 'मजकुराला अख्खे 32 केबी मिळत' हे माझं वाक्य साफ चूक.

ते चुकलंच, मान्य. पण ही चूक दुरुस्त करायला बसलं की माझाच मुद्दा पक्का होतो.

बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बीमध्ये रॅम, म्हणजे कामाची मेमरी, 32 केबी, आणि पडद्याची जागाही तिच्यातलीच. डिस्क जोडली की सुरुवातीचे सव्वासहा केबी यंत्र स्वतःकडे ठेवतं. व्ह्यूमध्ये 80 अक्षरांची ओळ हवी म्हणून मोड 3 (पडद्यावर मजकूर मांडायचा एक प्रकार) घेतलात, की 16 केबी पडद्याला गेले. उरले पावणेदहा. इंग्रजी शब्दाला जागेसकट 6 अक्षरं धरली तर जेमतेम 1,600 शब्द. वर्डवाइजमध्ये मजकूर लिहिताना टेलिटेक्स्टचा, म्हणजे टीव्हीवरच्या मजकूर-पानांच्या धर्तीचा, मोड 7 वापरला जातो. तिथे मेमरीत ठिपके नसतातच, नुसते अक्षरांचे क्रमांक. आकार वेगळी चिप काढते. म्हणून पडद्याला 1 केबी पुरतो आणि हाती राहतात पावणेपंचवीस. दोन्ही प्रोग्रॅम रॉममध्ये, म्हणजे रॅमबाहेरच्या कायमच्या मेमरी चिपमध्ये, त्यामुळे किरकोळ जागा सोडली तर ते यातला घास घेत नाहीत.

व्ह्यूही मोड 7 मध्ये चालतो, असं तुम्ही म्हणाल. चालतो की! पण तिथे ओळीत 40च अक्षरं मावतात, मग तुमची 80 अक्षरांची ओळ कुठे राहिली?

आणि ती 80 अक्षरं तुम्ही वाचलीत कशावर? मी इंग्लंडमध्ये असताना एक जुना मॉडेल बी घेतला आणि, तिथल्या कितीतरी घरांत होई तसा, टीव्हीच्या एरियलच्या भोकात खुपसला. मोड 3 मध्ये एम कुठला नि डब्ल्यू कुठला, डोळे बारीक करून बघावं लागे. मोड 7 ची टपोरी अक्षरं पलंगावरून वाचता येत.

हुकूम द्यायची रीतही बघा. वर्डवाइजमध्ये एफ1 ही कळ दाबली की पुढचं हिरवं, एफ2 दाबलं की परत पांढरं. हिरव्यात सीई म्हणजे ओळ मधोमध, एलएम10 म्हणजे डावा समास 10. मजकूर पांढरा, हुकूम हिरवा. गल्लत व्हायला वावच नाही. आणि कागदावर काय उमटणार ते बघायचं तर एस्केप दाबून मेनूतला 7. तिथे 80 अक्षरांची ओळ दिसते.

मजकूर फार वाढला तर मात्र तेवढी मेमरी शिल्लक नसते आणि हे दर्शन 40 अक्षरांवरच भागवावं लागतं. तिथे तुमचं खरं. रकान्यांचं काम व्ह्यूवरच करावं. मी एकदा सामानाची यादी वर्डवाइजमध्ये रकान्यांत बसवायला गेलो आणि चार कागद फुकट घालवले. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. लबाडी नव्हे, पण सोयीस्कर विसर म्हणा हवं तर.

32 केबीचं वाक्य आजच दुरुस्त केलंय. तुमचा व्ह्यू टीव्हीवर चालायचा की मॉनिटरवर, तेवढं कळवा.