आरएनएतला बदल प्रतिकारशक्ती बंद करत नाही

‘एमआरएनए लशीतला आरएनए मुद्दाम बदललेला असतो, त्यामुळे शरीराची जन्मजात प्रतिकारशक्ती बंद पडते,’ असा मेसेज फिरतो आहे. (एमआरएनए म्हणजे पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू; जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे जंतू आला की लगेच उभी राहणारी संरक्षणाची पहिली फळी.) पुरावा म्हणून शास्त्रज्ञ कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या २००५ च्या शोधनिबंधाचं नाव दिलं जातं. त्या निबंधात असा निष्कर्ष नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या दोघांनी डेंड्रिटिक पेशींना (जंतू ओळखून प्रतिकारशक्तीला सावध करणाऱ्या पेशींना) निरनिराळ्या प्रकारचा आरएनए दिला. जिवाणूंचा आरएनए मिळताच पेशी दाह वाढवणारे रेणू सोडू लागल्या. सस्तन प्राण्यांच्या पेशींतला टीआरएनए (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) दिला, तेव्हा त्या शांत राहिल्या. या आरएनएत स्यूडोयुरिडिनसारखे (आरएनएतल्या युरिडिन या घटकाचं बदललेलं रूप) रासायनिक बदल भरपूर असतात. म्हणजे स्यूडोयुरिडिन मुळात निसर्गातलंच आहे, आपल्या प्रत्येक पेशीत आहे. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय. लशींत वापरतात ते त्याचंच थोडं बदललेलं रूप.

असा आरएनए टोल-लाइक रिसेप्टर ७ आणि ८ (पेशींतली परका आरएनए ओळखणारी प्रथिनं) यांच्या नजरेत कमी भरतो, इतकंच. पहारेकऱ्याने ओळखीच्या माणसाला सोडलं म्हणून पहारा उठत नाही. विषाणू आला, की हेच रिसेप्टर त्याचा आरएनए पकडतात.

शिवाय जन्मजात प्रतिसाद लशीलाही मिळतोच, आणि तो लागतोही. त्याशिवाय अँटीबॉडी नीट तयार होत नाहीत. लस घेतल्यावर रक्तातल्या पेशींत इंटरफेरॉनशी (विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या प्रथिनांशी) निगडित जनुकं सक्रिय झालेली दिसतात. दुसऱ्या दिवशीची कणकण आणि अंगदुखी त्याच प्रतिसादातून येते.